मस्कतला निघालेल्या बॅगेचा सत्कार

मी एक जुनी बॅग आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, मी वैतागलेली बॅग आहे. आपली कहाणी सांगायला बसलेल्या वस्तू सहसा गोड बोलतात. फाटकी छत्री असो की बंद पडलेलं घड्याळ, सगळ्यांचा सूर कसा शांत असतो. मला ते जमत नाही. एकाच प्रवासासाठी तुम्हाला कोणी ठासून भरलं, मग रिकामं केलं, पुन्हा भरलं, वर काट्याला उलटं टांगून वजन केलं, तर तुमचा तरी सूर शांत राहील का?

माझा जन्म कुठल्यातरी कारखान्यातला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. निळ्या रंगाचं कडक अंग, पुढे दोन खटके, मागे दोन छोटी चाकं. त्यातलं एक चाक नायगावच्या बसस्टँडातल्या खड्ड्यानं केव्हाच गिळलं. मला नांदेडच्या बाजारातून निवृत्ती सोनकांबळे यांनी विकत घेतलं. ते एसटीत कंडक्टर होते. त्यांची लेक धम्मप्रिया किनवटच्या निवासी शाळेत जाणार होती, तिच्यासाठी त्यांना बॅग हवी होती. दुकानात त्यांनी माझे खटके इतक्यांदा उघडून लावून पाहिले, की दुकानदार म्हणाला, काका, घ्या आता, नाहीतर इथंच मोडतील.

घरी आणल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? दाराला लावून उरलेला पांढरा ऑइलपेंट काढला आणि माझ्या झाकणावर नाव लिहायला बसले. अंदाज चुकला हो त्यांचा. 'निवृत्ती' एवढं मोठं लिहिलं की आडनावाला जागाच उरली नाही. 'सोनकां' कसंबसं बसलं आणि 'बळे' घसरत घसरत कोपऱ्यात गेलं. त्याखाली 'नायगाव'. नवी कोरी मी, आणि माझ्या तोंडावर ही रांगोळी. धम्मप्रियाचंही तोंड उतरलं. ती म्हणाली, शाळेत मी चाललेय, मग नाव माझं पाहिजे ना. त्यावर निवृत्तीरावांनी तिला समजावलं की बॅग हरवली तर या रस्त्यावरचे सगळे ड्रायव्हर-कंडक्टर मला ओळखतात, ती फिरून माझ्याकडेच येईल. तुला कोण ओळखतंय?

आणि खरंच, एकदा मी माहूरच्या गाडीवर चढले आणि भलतीकडेच गेले. संध्याकाळच्या परतीच्या गाडीनं मला कोणीतरी नायगावच्या डेपोत आणून सोडलं. नाव वाचून. मला मात्र त्या अक्षरांची लाजच वाटत राहिली.

दर सुट्टीला निवृत्तीराव स्वतः किनवटला येत. मला खांद्यावर घेत आणि लेकीला पुढे घालून चालत. ती मोठी झाली, नर्सिंगला गेली, तेव्हाही मीच होते. मग तिला मस्कतच्या एका दवाखान्यात नोकरी लागली आणि घरात चार चाकांची, ढकलली की आपोआप पळणारी बॅग आली. मला कपाटावर ठेवलं. माझ्या पोटात जुन्या वाकळा कोंबल्या आणि सगळे मला विसरले. जिनं हॉस्टेलच्या खाटेखाली उंदरांपासून दशम्या सांभाळल्या, तिची ही गत. राग येणार नाही तर काय होईल?

पण कपाटावरून सगळं घर दिसतं. म्हणून कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत जे झालं, तेही मला दिसलं. निवृत्तीराव खोकत खोकत घरातून गेले ते परत आले नाहीत. त्यांचा मुलगा आनंदराज आणि शेजारचा जलील, ज्याची जीप आहे, तेवढेच दोघे शेवटच्या कामाला गेले. बाकी कुणालाही येऊ दिलं नाही. विमानं बंद होती, त्यामुळे धम्मप्रियानं सगळं फोनवर पाहिलं, आणि फोनही सारखा अडकत होता. तिची आई धुरपताबाई दारात बसून होती. अख्खी गल्ली आपापल्या दाराआड उभी होती. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. माझ्यावर ज्यानं नाव लिहिलं होतं, तो माणूस गेला होता.

त्याच वर्षी दिवाळीत धम्मप्रियाला दिवस गेल्याचं सगळ्यांना कळलं. आता तुम्हाला माहीत आहे, पहिलं बाळंतपण माहेरी. पण ती येणार कशी? इकडे आली आणि पुन्हा विमानं बंद झाली तर ती इथं, नवरा आदर्श तिथं आणि नोकरी गेली उडत. मग तिनंच फोनवर आईला सांगितलं. ते मी शब्दाला शब्द ऐकलं.

"पप्पाच्या वेळी मला येता आलं न्हाई, माय. आता माझ्या वेळी तू ये. पप्पा म्हणले होते, तुझ्या बाळंतपणाला आमी दोघंबी येतो. आता तू तरी ये."

धुरपताबाई म्हणाली, येते. झालं. इथून माझे हाल सुरू झाले.

आनंदराजनं मला कपाटावरून काढलं, पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. तो तहसीलमध्ये नोकरीला, चारचौघांत वावरणारा. म्हणाला, नवीन आणू, ही घेऊन गेलीस तर विमानतळावर लोक हसतील. धुरपताबाई म्हणाली, हीच न्यायची. मित्रांनो, माझी छाती फुगली. म्हटलं, कुणाला तरी माझ्या मजबुतीची कदर आहे. मग आनंदराज ब्लेड आणि पेट्रोलचा बोळा घेऊन माझ्या झाकणावरचं नाव खरवडायला बसला. 'नायगाव' गेलंसुद्धा. मी मनातल्या मनात त्याला म्हणत होते, घे बाबा, घे, एकदाची सुटते या रांगोळीतून. तेवढ्यात धुरपताबाई आली. एरवी लेकावर कधी आवाज न चढवणारी बाई, तिनं त्याच्या हातातलं ब्लेड हिसकून घेतलं. म्हणाली, "ऱ्हाऊ दे ते. हात लावू नको." का ते सांगितलं नाही. मला वाटलं, तिला ब्लेडनं माझ्या अंगावर चरे पडतील याची काळजी.

मग सुरू झाली तयारी. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, ओवा, काळा मसाला, बाळगुटीचं सामान, ज्वारीचं पीठ आणि येसर. येसर म्हणजे आमच्याकडे भाजून दळलेलं मसाल्याचं पीठ, त्याच्या आमटीशिवाय बाळंतीण बरी होत नाही असा धुरपताबाईचा ठाम समज. ती पिशवी माझ्या बिजागरीत सांडली. आजही मी उघडले की आधी शिंक येते.

बरं, भरलं ते भरलं. पण आनंदराज रोज संध्याकाळी मोबाइल पाहून नवीनच नियम सांगायचा. आज म्हणे लसीचं सर्टिफिकेट पासपोर्टच्या नावाशी जुळलं पाहिजे. उद्या म्हणे जाण्याआधी नाकातली टेस्ट पाहिजे. परवा म्हणे ओमायक्रॉन नावाचा नवीन प्रकार आलाय, विमानं राहतात की जातात सांगता येत नाही. आणि एके सकाळी कंपनीचा निरोप आला, तुमचं विमान रद्द, पुढची तारीख बघा. झालं. उघडा बॅग, काढा लाडू. लाडू पुढच्या तारखेपर्यंत टिकणार नाहीत म्हणून ते गल्लीत वाटले. बाळंतिणीचे लाडू गल्लीतल्या पैलवानांनी खाल्ले. पुढची तारीख मिळाली, पुन्हा डिंक तळला, पुन्हा मला भरलं.

इथपर्यंतचं मी सोसलं असतं. पण मग आले अण्णाराव.

अण्णाराव आमच्या गल्लीतले पुढारी. आमच्या भागात सत्काराशिवाय पान हलत नाही. कुणाला नोकरी लागली, सत्कार. कुणी रिटायर झालं, सत्कार. बदली झाली तर सत्कार आणि बदली रद्द झाली तरी सत्कार. मग गल्लीतली पहिली आजीबाई विमानात बसणार म्हटल्यावर अण्णाराव गप्प बसतील? चौकात फ्लेक्स लागला. मधोमध धुरपताबाईचा पासपोर्टमधला भेदरलेला फोटो, भोवती गॉगल घातलेल्या शुभेच्छुकांचे फोटो आणि वर 'परदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा'. अहो, बाई लेकीचं बाळंतपण करायला, लंगोट धुवायला चालली आणि म्हणे दौरा!

आनंदराजनं हात जोडून सांगितलं की टेस्ट तोंडावर आहे, गर्दी नको. धुरपताबाई म्हणाली, येऊ दे. अण्णारावांनी मंडप टाकला, माईक आणला. मास्क सगळ्यांकडे होते, फक्त ते हनुवटीवर होते. बायका तिच्या गळ्यात पडून रडत होत्या. समोरच्या उमाबाईनं तिला स्वतःच्या हातानं पेढा भरवला आणि उरलेला अर्धा स्वतः खाल्ला. मी भरल्या पोटी ओट्यावर उभी राहून हे पाहत होते आणि चडफडत होते. मला तोंड असतं तर मी तो माईकच ओढून घेतला असता.

व्हायचं तेच झालं. टेस्ट झाली, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

धुरपताबाईला आतल्या खोलीत ठेवलं. मी आधीच त्या खोलीत होते, म्हणून मलाही पॉझिटिव्ह धरलं. आनंदराजनं माझ्यावर इतकं सॅनिटायझर मारलं की माझे खटके पांढरे पडले. बाहेर चौकात फ्लेक्स तसाच. परदेश दौऱ्याला हार्दिक शुभेच्छा, आणि दौरा कुठे तर आतल्या खोलीतून न्हाणीपर्यंत. तारीख गेली, तिकीट गेलं. लेकीचे दिवस भरत आले होते. तिनं फोनवर फक्त एवढंच विचारलं की आई, तुला दम लागत नाही ना. बापाला दम लागला होता, म्हणून. धुरपताबाईला नुसता ताप आणि खोकला होता, पण लेकीचा त्यावर विश्वास बसेना. ती रोज फोनवर आईला श्वास रोखून धरायला लावायची आणि बघत राहायची.

आनंदराजचा एक दिवस बांध फुटला. दाराबाहेर उभा राहून तो आईवर चिडला. म्हणाला, लोकांना नको म्हणता आलं नाही तुला? ताईला तिथं बाईमाणूस कोण आहे? एका सत्कारापायी तिचं सगळं वाटोळं करून राहिलीस. मला वाटलं, बरं झालं, कोणीतरी बोललं. मी अगदी त्याच्या बाजूनं होते.

 धुरपताबाई दाराला पाठ लावून बसली आणि म्हणाली,

"तुझ्या बापाच्या मयतीला गल्लीतलं कोणी आलं न्हाई, लेकरा. येऊच देलं न्हाई, त्यात त्यांचा काय दोष. दाराआडून रडले बिचारे. मला कोणी हात लावला न्हाई का जवळ घेतलं न्हाई. ते राहून गेलंय त्यांचंबी अन् माझंबी. मंग आता दारात आले तर मी दार लावू?"

पलीकडे आनंदराज दाराला टेकून खाली बसला. माझाही राग जरा खाली बसला, हे मान्य करते. पण जरासाच. कारण तरीही लेक तिकडे आईविना होती आणि मी इकडे लाडूंसकट पडून होते. ते लाडू शेवटी धुरपताबाईनंच एकटीनं खाल्ले, अंगात ताकद यावी म्हणून. एकेक खाताना लेकीच्या तोंडचं खातेय म्हणून हळहळायची.

ती बरी झाली तशी तिसऱ्यांदा तयारी सुरू झाली. आता वेगळीच भीती. जुना आजार गेला तरी टेस्टमध्ये दिसत राहतो म्हणे. म्हणजे माणूस ठणठणीत, पण रिपोर्ट त्याला सोडत नाही. आणि धम्मप्रियाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता केव्हाही. नमुना दिला. बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या फोटोपुढे धुरपताबाई हात जोडून बसली. जलील दर थोड्या वेळानं दारात येऊन, रिपोर्ट आला का, विचारायचा आणि लांबूनच परत जायचा. रिपोर्ट निगेटिव्ह आला. आनंदराजनं मला भरलं ते इतक्या घाईनं, की एक खटका मोडला आणि त्या जागी दोरीच बांधली.

निघायच्या सकाळी मला ओट्यावर ठेवलं. जलीलची जीप हैदराबादपर्यंत सोडणार होती. धुरपताबाई बाहेर आली आणि थांबली. गल्लीत शुकशुकाट. फ्लेक्स उतरवलेला. सगळ्यांची दारं अर्धवट लोटलेली. आपल्यामुळे बाईचं जाणं हुकलं हे गल्लीला कळलं होतं आणि कोणी तोंड दाखवायला तयार नव्हतं. धुरपताबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. नवरा गेला त्या दिवशी ही गल्ली अशीच दिसत होती. माझ्यासारख्या खवट बॅगेलाही ते बघवेना.

तेवढ्यात उमाबाईचं दार उघडलं. तोंडावर नीट बांधलेला मास्क, हातात शाल. ती धुरपताबाईकडे आली नाही. लांबूनच वळसा घालून ओट्यापाशी आली आणि ती शाल तिनं माझ्या अंगावर घातली. मग मला हात जोडले आणि तशीच मागे सरकली.

मित्रांनो, मला! मग जलीलची बायको गौसिया आली, तिनं छोटं शिवलेलं दुपटं माझ्या झाकणावर ठेवलं. मग एकेक करून सगळे आले. कोणी शाल, कोणी हार, कोणी नुसताच माझ्या अंगावरून हात फिरवला आणि गेला. शेवटी अण्णाराव. त्यांनी गॉगल काढला, माझ्यापुढे वाकले आणि हळूच म्हणाले, "निवृत्तीभाऊ, जयभीम." माईक नव्हता, म्हणून कोणाला ऐकूही गेलं नसेल. मला वाटलं, या गोंधळात माणूस चुकलाय. बॅगेला निवृत्तीभाऊ म्हणतोय. धुरपताबाई दोन्ही हात जोडून उभी होती आणि रडत होती.

पण म्हणून माझे हाल थांबले असं समजू नका. विमानतळाच्या दाराबाहेर मला काट्याला उलटं टांगलं तर वजन जास्त. शाली हो! आनंदराज म्हणाला, शाली परत नेतो. जलील म्हणाला, अंगावरचं वजन कोण मोजत नाही. मग धुरपताबाईनं एकावर एक अशा सगळ्या शाली पांघरल्या आणि भर दुपारी, घामाघूम होत, सत्कारमूर्तीसारखी आत गेली. पुढचं मी पाहिलं नाही, कारण मला पट्ट्यावरून अंधारात ढकललं. विमानाच्या पोटात गारठले. चारचाकी बॅगा माझ्याकडे बघून नाक मुरडत होत्या.

मस्कतला धुरपताबाईनं मला लांबूनच ओळखलं. भल्या मोठ्या पट्ट्यावर सगळ्या काळ्या-करड्या बॅगा आणि त्यात ही वाकडी पांढरी अक्षरं. बाहेर लोखंडी कठड्यापलीकडे धम्मप्रिया उभी होती. पोट एवढं पुढे आलेलं, एक हात कमरेवर. म्हणजे वेळ गेली नव्हती. धुरपताबाई भराभर चालली आणि तिच्यापासून हातभर अंतरावर गचकन थांबली. जवळ जावं की नाही? इतक्या माणसांतून, इतक्या गाड्यांतून आलेली. एकदा गळ्यात पडण्यापायी सगळं हुकलं होतं. तिनं दोन्ही हातांनी माझी मूठ घट्ट धरून ठेवली. लेक नर्स, तिलाही सगळं कळत होतं. दोघी तशाच उभ्या आणि मधे मी.

धम्मप्रियाला वाकता येत नव्हतं. तरी तिनं हळूहळू हात खाली आणला आणि माझ्या झाकणावर टेकवला. 'निवृत्ती'वरून बोट फिरवलं, 'सोनकां'वरून, मग कोपऱ्यात घसरलेल्या 'बळे'वरून.

"पप्पा," ती म्हणाली, "तुमीबी आलाव की."

आणि मग त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी त्यांना अडवलं नाही. मला तोंड असतं तरी अडवलं नसतं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हीच न्यायची, ती कशासाठी. माझ्या मजबुतीसाठी नव्हे. अण्णारावही चुकले नव्हते. चुकत मीच होते, आयुष्यभर, त्या अक्षरांची लाज बाळगून.

काही दिवसांतच धम्मप्रियाला मुलगी झाली. आजी दवाखान्याच्या दाराबाहेर बसून होती. उमाबाईची शाल गौसियाच्या दुपट्यावरून गुंडाळून त्यांनी बाळ घरी आणलं आणि खाट तयार होईपर्यंत त्याला माझ्याच झाकणावर घडीभर टेकवलं. येसरच्या वासानं बाळ शिंकलं.

आता मी पुन्हा नायगावला, पुन्हा त्याच कपाटावर, पुन्हा वाकळा पोटात. तक्रार करायला मला अजून पुष्कळ जागा आहे. मोडलेला खटका दुरुस्त करतो म्हणून आनंदराजनं अजून केलेला नाही. पण एक दिवस तो पांढऱ्या रंगाची डबी घेऊन आला आणि खरवडलेल्या जागी स्वतःच 'नायगाव' लिहायला बसला. अंदाज त्याचाही चुकला. 'व' कडेला जाऊन दबला.

तर मित्रांनो, प्रवासाला निघाल तेव्हा सामान बेतानं भरा आणि पिठाची पिशवी नीट बांधा. कोणाच्या गळ्यात पडायचं असेल तर टेस्ट झाल्यावर पडा. आणि घरातल्या जुन्या बॅगेवर कुणाचं नाव असेल, ते कितीही वाकडं असलं, तरी त्याला ब्लेड लावण्याआधी एकदा घरच्यांना विचारा.